पाठीमागून पाहणारा

गुराचं तोंड चोयजिलच्या फारसं लक्षात राहत नसे. पुठ्ठा मात्र तो विसरत नसे. उमेदीचे सगळे उन्हाळे त्याने घोड्यावर बसून गुरांच्या मागे काढले होते. तामीर नदीच्या खोऱ्यातून सहकारी संघाची गुरं निघायची आणि चरत, नद्या ओलांडत, थेट राजधानीच्या कत्तलखान्यापर्यंत पायी जायची. कोवळ्या गवतात निघालेला कळप पहिल्या बर्फाला पोचायचा. नियम एकच. निघताना जनावर होतं त्यापेक्षा पोचताना ते जास्त भरलेलं हवं. एवढं चालवायचं आणि वर अंगही धरायला लावायचं. ज्याला हे जमत नाही त्याने घरी बसून लोकर पिंजावी, असं चोयजिल म्हणायचा.

जनावर भराला आलं की नाही, हे तो मागून बघून सांगे. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे असतात, ते बुजले का? माजेची, म्हणजे कमरेची हाडं खुंट्यांसारखी वर आलीत, की त्यांच्यावर उशी चढलीय? कण्याच्या दोन्ही अंगांचं मांस कण्याच्या बरोबरीला आलंय, की खाली उतरलंय? पोटाकडे तो बघतच नसे.

“पोट खोटं बोलतं,” तो म्हणे. “नदीवरून पाणी पाजून आणा, हाडांचा सापळासुद्धा गोल दिसेल.”

म्हणून गुरं पाण्यावर जाण्याआधीच तो त्यांच्यावरून नजर फिरवी. पाणी प्यायलेल्या जनावराकडे पाहणं त्याच्या लेखी वेळ फुकट घालवणं होतं.

अंगाचेही दोन प्रकार. हिरव्या गवतावर चढतं ते पाण्याचं अंग. कातडी तुकतुकीत दिसते, पण दोन दिवस थंड वारा लागला की सगळं ओसरतं. शरदात गवत पिवळं पडतं, बी धरतं, ते खाऊन चढते ती घट्ट चरबी. हिवाळा तीच काढते, जनावराचाही आणि त्याला खाणाऱ्याचाही. या दोहोंतला फरक नुसत्या नजरेने सांगणारे फार नव्हते. चोयजिल सांगे.

रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही, हे त्याला लवकर कळलं होतं. अधूनमधून तो कळप साथीदारांवर सोपवून एकटाच पुढे चराई शोधायला जाई. परतल्यावर पहिली नजर जी पडेल तीच खरी मानी. याला तो डोळा उपाशी ठेवणं म्हणे. साथीदार म्हणत, काम चुकवायची चांगली युक्ती आहे. पण कत्तलखान्याच्या फाटकावर प्रतवारी करणारा माणूस जनावराची प्रत मोठ्याने पुकारी तेव्हा चोयजिल ती आधीच पुटपुटलेला असे. बाकीचे काम संपलं म्हणून शहरात पांगत. हा आत जाऊन उघडलेलं जनावर बघत उभा राही. मूत्रपिंडाभोवती चरबी किती, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचं काम संपत नसे. अंदाज चुकला असला तर का चुकला, हे तो पुढचा उन्हाळा येईपर्यंत घोळवी.

नोकरी संपली तरी थंडीच्या तोंडाशी लोक त्याला न्यायला यायचेच. मांस आपोआप गोठून राहील अशी थंडी पडली की आमच्याकडे प्रत्येक घर एक मोठं जनावर पाडतं. वर्षातून एकदाच. निवड चुकली तर मागे फिरता येत नाही. मग वसंतापर्यंत पातळ रस्सा प्या.

त्या वर्षीचं बोलावणं मुलीकडून आलं.

देजिदमा लग्न होऊन गोन्चिगच्या घरी गेली तेव्हा पहिला हिवाळा सासूच्या चुलीवर, सासूच्या मांसावर गेला होता. सासू बालगान वाईट नव्हती, पण वाढताना पळी मोजून वाढायची, आणि ती मोजते आहे हे सुनेला दिसेल अशी मोजायची. या उन्हाळ्यात दोघांनी शेजारीच आपलं गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्याचं गोल घर, उभारलं होतं. नवा नमदा, नवी चूल. आता मांस कमी पडलं तर देजिदमाला वाडगा घेऊन पुन्हा सासूच्या दारात उभं राहावं लागणार होतं. तिने बापाला निरोप धाडला तो एवढाच: ‘बाबा, या. माझ्या चुलीसाठी या.’

चोयजिल आणि त्याची बायको खांडजाव दुपारी पोचले. गुरं मागच्या उतारावर चरत होती. चोयजिल त्यांच्याकडे पाठ करून घोड्यावरून उतरला, पाठ करूनच गेरमध्ये शिरला आणि दाराकडे तोंड येणार नाही असा बसला. गोन्चिगने तपकिरीची कुपी पुढे केली. ख्यालीखुशाली झाली. खारा चहा झाला. बालगानही येऊन बसली होती.

“व्याहीबुवा, गुरं तिकडं आहेत,” ती म्हणाली. “भिंतीवर नाहीत.”

“ठाऊक आहे.”

“बघायला आलात ना?”

“उद्या बघेन. आज डोळा उपाशी आहे.”

“डोळा उपाशी असेल, तोंड तर नाही. चौथा वाडगा आहे हा.”

खांडजाव हसली. “विहीणबाई, हे लग्नाच्या वेळी मला बघायला आले तेव्हाही असेच बसले होते. माझ्या आईला वाटलं, मुलाची मान आखडलीय.”

“मग बघितलं कधी?”

“मी पाण्याला निघाले तेव्हा. मागून.”

देजिदमाने हसू लपवायला तोंड चुलीकडे वळवलं. चोयजिलने चहा संपवला.

पाडायला दोनच जनावरं होती. एक तांबडी गाय. ती चोयजिलनेच लेकीला लग्नात दिली होती. या वसंतात ती व्याली नव्हती, उन्हाळाभर भाकडच होती. दुसरा काळा बैल, गोन्चिगच्या वाट्याचा, अंगाने अरुंद. उरलेल्या गाई वासरांच्या होत्या, त्यांचा प्रश्न नव्हता.

सकाळी सूर्य डोंगराआडून वर यायच्या आत चोयजिल बाहेर पडला. गुरं अजून बसली होती. कडाक्याची थंडी होती, सगळ्यांच्या केसांवर दव गोठलेलं होतं. गोन्चिग मागोमाग आला.

“काय बघता, बाबा? केस एवढे वाढलेत, खाली काय आहे ते कळतंय कुठे?”

“म्हणून तर या वेळी बघायचं. पाठीवरचं पांढरं बघ.”

तांबडीच्या पाठीवर खांद्यापासून शेपटीपर्यंत सरळ पांढरा पट्टा होता, कुठेही न तुटलेला. काळ्याच्या कमरेवर पांढरं होतं, पण खांद्याशी केस ओले होते.

“चरबी जाड असली की आतली ऊब बाहेर पडत नाही,” चोयजिल म्हणाला. “वर गोठलेलं तसंच राहतं. पातळ असली की वितळतं. केस कितीही वाढोत.”

त्याने गुरांना उठवलं. तांबडी शेपूट हलवत त्याच्यापुढून चालत गेली आणि तो मागे उभा राहिला. शेपटीचं बूड बुजलेलं. माजेवर उशी. पाठ फळीसारखी. चालताना पुठ्ठा लिबलिबत नव्हता, म्हणजे पाण्याचं अंग नव्हतं. काळ्याकडे त्याने एकदाच पाहिलं. मागून तो चाकूच्या पात्यासारखा दिसत होता.

“तांबडी,” चोयजिलने सांगितलं. “काळा म्हणजे पाप्याचं पितर. हिच्यात घट्ट चरबी आहे. मूत्रपिंडाभोवती वीतभर निघेल. पोरीला नवं गवत येईपर्यंत कोणाकडे बघावं लागणार नाही.”

गोन्चिगचा चेहरा उजळला. बालगानही खूश झाली, कारण काळा वाचला होता. गोन्चिग लगेच खोऱ्यातल्या चुलत भावांना सांगायला गेला. थंडी नेमकी हवी तशी होती, काम उद्यावर टाकण्यात अर्थ नव्हता. दुपारपर्यंत सगळे सुरे घेऊन येणार होते.

तेवढ्यात खांडजाव दुधाची बादली घेऊन आली. अजून दूध देणाऱ्या गाई थोड्याच राहिल्या होत्या, त्यांचं दूध काढायला ती लेकीबरोबर बसली होती.

“म्हाताऱ्या, तांबडी ठरवलीस म्हणे.”

“ठरवली.”

“ती गाभण आहे.”

चोयजिलने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने नदी डोंगरावर चढते म्हणून सांगितलं. “भाकड आहे. पोरीला विचार.”

“भाकड होती म्हणूनच गाभण आहे. वासराने ओढली नाही, म्हणून वसंतात सगळ्या गाई खंगल्या तेव्हा ही धड राहिली. धड राहिली म्हणून सगळ्यांच्या आधी माजावर आली. साधी गोष्ट आहे.”

“तू पाहिलंस माजावर आलेली?”

“मी इथं नव्हते. कूस मात्र आता पाहिली. शेजारच्या गाईखाली बसले होते, ही माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. उजवी कूस भाकड गाईची नाही.”

“कूस!” चोयजिल म्हणाला. “म्हणजे पोटच ना? पोट खोटं बोलतं.”

“तुझ्याशी बोलत असेल. माझ्याशी नाही बोलत.”

देजिदमा बादली खाली ठेवून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती एकदा गेली होती. रात्री परतली नाही. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे सापडली.”

“पलीकडे काय होतं?” चोयजिलने विचारलं.

“संघाचा कळप.”

“आणि कळपात वळू,” खांडजाव म्हणाली.

गाभण गाय पाडणं आमच्याकडे चांगलं मानत नाहीत. उघडल्यावर आत वासरू निघालं तर त्या घराच्या चुलीला दोष लागला म्हणतात, बरेच दिवस ती कोणी नीट शिलगवत नाही. आणि ही तर देजिदमाची पहिलीच चूल. पण चोयजिलच्या मनात ही भीती नव्हती. त्याला भलताच प्रश्न पडला होता. इतक्या वर्षांत, इतक्या गाई राजधानीला नेल्या, त्यांतली एकही गाभण कशी निघाली नाही? तो आत जाऊन उघडलेलं जनावर बघे. एकदाही नाही.

“खांडजाव,” तो म्हणाला, “संघ गुरं माझ्या ताब्यात द्यायचा, त्याआधी कोण निवडायचं?”

“कोण म्हणजे? आम्ही. दूध काढणाऱ्या बायका. गाभण तेवढ्या मागे ठेवायचो आणि उरलेल्या तुमच्याकडे हाकायचो. तुला काय वाटलं, त्या आपसूक बाजूला व्हायच्या?”

त्याला काहीच वाटलं नव्हतं. त्याच्यासमोर येई ते जनावर मरायलाच निघालेलं असे. त्याच्या आत काही जगायला निघालंय का, हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

“खात्री कशी करायची?” त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. एखाद्या खोऱ्याची वाट विचारावी तसं त्याने विचारलं.

“अजून पाणी प्यायली नाही ना? थंड पाणी पोटात गेलं की वासरू हलतं. ते बघायचं. पण लांबून दिसायचं नाही. बसावं लागेल.”

गुरं नदीवर नेली. बर्फ फोडून केलेल्या भोकातून वाफ निघत होती. खांडजावने दूध काढायचं ठेंगणं स्टूल तांबडीच्या उजव्या अंगाला मांडलं आणि नवऱ्याला बोट दाखवलं. घोड्यावरून गुरं पाहिलेला माणूस स्टूलावर बसला. गाय खालून वेगळंच जनावर दिसत होती. पाठ दिसतच नव्हती. समोर सगळी कूस, तिच्यावरचे दाट केस, आणि श्वासाबरोबर हलणारी एक मोठी भिंत.

तांबडी प्यायली. बराच वेळ प्यायली. मग तिने मान वर केली.

काही झालं नाही.

तोवर चुलतभाऊ येऊन पोचले होते. दोघांच्या कमरेला सुरे होते. काठावर उभे राहून ते बघत होते. बालगानही आली.

“व्याहीबुवा, दूध सुटलं का?” तिने विचारलं.

भाऊ हसले. चोयजिल हलला नाही. थंडीने डोळ्यांत पाणी येत होतं, ते तो बाहीने पुसत होता आणि पुन्हा बघत होता. तांबडी शहारली. कातडीवरून एक लाट गेली.

“ते नाही,” खांडजाव म्हणाली. “तो काटा होता. थांब.”

“किती थांबायचं?” गोन्चिग खांडजावला म्हणाला. “आई, दिवस लहान आहे. संपूर्ण जनावर उरकायचंय.”

“तुला घाई असेल तर सुरी परज. गाईला घाई नाही.”

मग केस हलले. कुशीच्या खालच्या बाजूला, मुठीएवढ्या जागेत, आतून बाहेर. नमद्याआडून कोणी ठोसा द्यावा तसं. एकदाच. श्वासाशी त्याचा मेळ नव्हता.

चोयजिल पुढे वाकला. “हे?”

“काय दिसलं?”

“सांगता येत नाही. हललं काहीतरी.”

“मग हात लाव.”

तो थांबला. हाताने चाचपणाऱ्यांना तो आयुष्यभर हसला होता. ज्याला डोळे नाहीत त्याने चाचपावं, असं तो म्हणे. खांडजावने वाकून त्याचा हातमोजा ओढून काढला आणि त्याचा पंजा कुशीवर दाबून धरला. केसांखाली कातडी गरम होती. बराच वेळ फक्त गरमच होती. आणि मग तळव्यावर आतून कोणीतरी लाथ मारली, इतकी स्पष्ट की त्याने हात मागे घेतला.

त्याने पुन्हा हात ठेवला. पुन्हा लाथ.

तो उठला तेव्हा गुडघे वाजले. काठावरच्या सगळ्यांकडे त्याने पाहिलं. “गाभण आहे,” तो म्हणाला. “सकाळचा शब्द मी मागे घेतो. चरबी मी सांगितली तेवढीच आहे. पण ती कशासाठी साठवलीय हे मला कळलं नव्हतं.”

मग बालगान म्हणाली, “म्हणजे काळा. पाप्याचं पितर. यांच्याच तोंडून सकाळी ऐकलंय.”

“गाय माझी आहे,” देजिदमा म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. ती नवऱ्याकडे बघत होती. “बाबांनी मला दिलीय. ती राहील. काळा पाडू. मांस कमी निघालं तर पातळ कापीन, जास्त वाळवीन. कमी पडलं तर कमी खाऊ. वाडगा घेऊन मी कुठे जाणार नाही.”

शेवटचं वाक्य तिने सासूकडे न बघता म्हटलं. बालगानने नाकाने श्वास सोडला.

“बाबा, काळ्याला नीट बघा,” गोन्चिग म्हणाला. “खरं काय ते सांगा.”

चोयजिल मागे जाऊन उभा राहिला, सवयीने. मग थबकला. बैलाला वळसा घालून तो पुढे गेला. समोरून पाहिलं. छाती दोन पायांच्या मध्ये चांगली खाली आली होती, गळ्याखाली लोंबणारी पोळी जाड होती. बाजूने पाहिलं. शेवटच्या बरगड्या मोजता येत नव्हत्या. मागून मात्र माज अरुंद, दोन हाडं जवळजवळ. मागून हा नेहमीच उपाशी दिसणार, त्याच्या मनात आलं. हाडाचा सांगाडाच तसा आहे. अशा अरुंद बैलांना मी किती वर्षं खालची प्रत देत आलो, कोण जाणे. पण फाटकावरचा माणूसही मागूनच बघायचा, म्हणून आमचं जुळायचं.

“मूत्रपिंडाशी चार बोटं चरबी असेल,” तो म्हणाला. “मेंढ्या वितील तोवर मांस पुरेल. नवं गवत येईपर्यंत नाही पुरणार. हे मी खात्रीने सांगत नाही. अंदाज आहे.”

“खात्रीने सांगत नाही, असं यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकतेय,” खांडजाव विहिणीला म्हणाली.

“लिहून ठेवा, विहीणबाई,” बालगान म्हणाली.

मग सगळे कामाला लागले. काळा एका घावात पडला. गोन्चिगचा हात चांगला होता. चोयजिलने ते पाहिलं आणि मान हलवली. एका जनावराच्या कामात रिकामा हात नसतो. कातडं सोलणारे सोलत होते, बायका आतडी धूत होत्या, पाणी गोठायच्या आत नवं गरम पाणी येत होतं. चोयजिल वयाने बसायला मोकळा होता, पण बसला नाही. तो पाणी वाहत होता.

पोट उघडलं तेव्हा तो बादली ठेवून पुढे झाला. एका चुलतभावाने मूत्रपिंड हाताने वर उचललं. भोवती चरबी होती, पांढरी, घट्ट. चोयजिलने पंजा लावला. चार बोटांवर अंगठा आडवा ठेवला, तरी थोडी उरत होती.

“चुकलो,” तो मोठ्याने म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद कोणाला कळला नाही. “जास्त आहे. छाती उघड बघू. छातीची दाखव.”

छातीतही दोन बोटं निघाली. त्याने भावाला बाजूला केलं आणि वाकून बघत राहिला. रक्त गोठून त्याच्या गुडघ्याला चिकटलं तरी त्याला कळलं नाही.

“म्हाताऱ्या, बादली!” खांडजाव ओरडली. “पाणी गोठतंय!”

सूर्य मावळायच्या आत मांस सुटं झालं होतं. हाडाचं वेगळं, वाळवायचं वेगळं. देजिदमा सुरी घेऊन बसली आणि पट्ट्या कापू लागली, तिने म्हटलं होतं त्याहून पातळ. पट्टीआडून चुलीचा उजेड दिसत होता. गेरच्या छताच्या काठ्यांवर दोऱ्या ताणल्या होत्या, त्यांच्यावर एकेक पट्टी चढत होती. बापाने एक पट्टी बोटांत धरून पाहिली, जाडी एकसारखी होती. त्याने ती परत टांगली.

रक्त भरून शिजवलेली आतडी तयार झाली. रीत म्हणून पहिलं शेजारच्या घरी जायला हवं होतं. देजिदमाने आपला नवा लाकडी वाडगा भरला. आतडी, काळीज, वर चरबीचा एक चांगला तुकडा. तो तुकडा ठेवताना ती थोडी थांबली, मग दुसराही ठेवला. गोन्चिग म्हणाला, “मी नेतो.” ती म्हणाली, “मी नेते.”

ती गेली आणि लगेच परत आली, रिकाम्या हाताने. सासूने वाडगा ठेवून घेतला होता. आत सगळे जेवायला बसले. चोयजिल मात्र दाराजवळच घुटमळत होता. तांबडी कुठे बसते, कोणत्या अंगावर बसते, हे त्याला आता बघायचं होतं.

नमद्याचं दार सरलं. बालगान आत आली. हातात तोच वाडगा होता. रिकामा वाडगा परत करायची आमची रीत नाही, म्हणून त्यात वाळलेलं दही किंवा साखरेचा खडा असतो. तिच्या वाडग्यात लोण्याचा पांढरा गोळा होता, शिगोशीग, काठाबाहेर आलेला. तो तिने मोजला नसावा.

तिने वाडगा सुनेच्या हातात दिला, गेरमध्ये पाहुण्यांनी बसायच्या बाजूला जाऊन बसली आणि म्हणाली, “देजिदमा, चहा टाक. मीठ बेताने.”

देजिदमाने चूल सारखी केली.